पणजीचं पांढरं चर्च: गाइडबरोबर अर्धा दिवस, एका गवंड्याच्या नजरेनं

मी खानापूरचा. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, त्यातली पहिली सहा वडिलांच्या हाताखाली, चुना मळायच्या घाणीवर. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मी कुठंही गेलो तरी पहिल्यांदा भिंत बघतो. दिवाळीनंतरच्या आठवड्यात आम्ही चौघं, म्हणजे मी, आमची मंडळी, लेक आणि नात, गोव्याला जाऊन आलो. लेकीनं मोबाइलवरून एक गाइड ठरवला होता. जुनं गोवं आणि पणजीतलं निष्कलंक मातेचं चर्च तो अर्ध्या दिवसात दाखवतो. त्या गाइडबद्दल आणि त्याहून जास्त त्या चर्चबद्दल हे लिहितोय. आपल्या बेळगाव भागातून गोव्याला जाणारे खूप, आणि त्या चर्चचा खालून फोटो काढून पुढं बीचवर पळणारेही तितकेच. मी तर एक अख्खं वर्ष त्या चर्चच्या पायथ्यावरून चाललो आणि वर गेलो नाही.

१९९१ साल होतं. पणजीत एका बिल्डिंगच्या साइटवर कामाला होतो. पत्र्याच्या शेडमध्ये आठ जण राहायचो, सगळे खानापूर-नंदगडकडचे. रोज सकाळी चर्चच्या चौकातून, त्या पांढऱ्या पायऱ्यांच्या कडेनं साइटवर जायचं आणि दिवस मावळताना तसंच परत. कपड्यांना सिमेंट, पायात तुटकी चप्पल. वर जायला कुणी अडवलं नसतं, पण पाय उचलला नाही. घंटा मात्र ऐकली. दुपारी ती वाजली की हातातली थापी खाली ठेवायची, भाकरीचं फडकं सोडायचं, असा आमचा नेम होता. ज्या घंटेवर मी वर्षभर जेवलो ती कुठून आली, किती वजनाची, हे मला इतक्या वर्षांनी या गाइडनं सांगितलं. म्हणून त्याला पाचपैकी साडेचार देतो. अर्धा का कापला तेही पुढं येईल.

मागच्या वर्षी आम्ही एका ट्रॅव्हल्सच्या बसनं हीच सहल केली होती. एका दिवसात सात ठिकाणं. जुन्या गोव्यात पंचवीस मिनिटं दिली, त्यातली दहा बाथरूमच्या रांगेत गेली. पणजीचं चर्च चालत्या बसमधून दाखवलं, "डावीकडं बघा" म्हणेपर्यंत ते उजवीकडं गेलं. आमच्या मंडळींचे गुडघे दुखतात, त्यांना प्रत्येक ठिकाणी "लवकर, लवकर" ऐकून रडू यायचं बाकी होतं. म्हणून या वेळी लेक म्हणाली, "बाबा, दोनच जागा बघूया, पण नीट बघूया." गाडी ओळखीच्या पोराची घेतली आणि गाइडचे दीड हजार ठरले, चौघांचे मिळून.

पहाटे निघून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट असे उतरलो. कणकुंबीला मलप्रभा उगवते आणि पूर्वेला आपल्या शेतांकडं जाते. म्हादई आमच्याच तालुक्यात, भीमगडच्या रानात निघते आणि पश्चिमेला जाते. तीच गोव्यात मांडवी होते, आणि पणजीच्या चर्चसमोरून जे पाणी समुद्राला मिळतं ते हेच. नातीला हे सांगितल्यावर ती घाटभर खिडकीला चिकटून होती, नदी कुठं दिसते का बघत.

गाइड आम्हाला जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या बुरुजापाशी भेटला. तिशीतला पोरगा, तिकडचाच, मराठी बोलतो पण मधूनच कोकणीत घसरतो. मला वाटलं होतं, हा आधी बॉम जेझूच्या चर्चला नेईल, सगळे तिथंच सुरू करतात. तो म्हणाला, "काका, आधी घंटेचं माहेर बघूया, मग सासर." हे मला फार आवडलं. त्यानं सगळा दिवस त्या एका घंटेच्या धाग्यात ओवला होता.

हे माहेर म्हणजे आता एक पडका बुरूज. ऑगस्टिनियन साधूंनी १५९७ ते १६०२ मध्ये इथं टेकडीवर कृपामातेचं मोठं चर्च बांधलं. दर्शनी बाजूला उंच मनोरे होते, त्यातल्या एकाचा अर्धा भाग तेवढा उभा आहे. उंची ४६ मीटर. तळाशी उभं राहून वर बघितलं की मान मोडते. बांधकाम सगळं जांभ्या चिऱ्याचं. मी जवळ जाऊन थरांवर हात फिरवला. चिरा चांगला घडवलेला, सांधे बारीक, एका थराचा जोड दुसऱ्या थराच्या मध्यावर, जसा यायला पाहिजे तसा. आमच्याकडच्या चिऱ्यात आणि यात फरक इतकाच की हा जरा गडद आहे. सांध्यात अजून कुठंकुठं चुना आहे, नखानं खरवडला तर निघत नाही.

आमची मंडळी मागून म्हणाली, "भिंतीला काय हात लावूलाय वो, लोकं बघूलेत."

बघू देत. गवंडी डोळ्यानं नंतर बघतो, आधी हातानं.

मग एवढं चांगलं काम पडलं कसं? गाइडनं साल-साल सांगितलं. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनं साधूंचे मठ बंद केले, चर्च ओस पडलं. १८४२ मध्ये आतली कमानदार छत कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि बुरुजाचा अर्धा भाग गेला. म्हणजे ज्या इमारतीनं दोनशे तीस-पस्तीस पावसाळे काढले, तिचं छत माणसं गेल्यावर सात वर्षांत खाली आलं. ऐकणाऱ्याला हे गूढ वाटेल, गवंड्याला वाटत नाही. जांभा हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीनं कापता येतो, उन्हा-वाऱ्यात तो घट्ट होतो. पण तो भोकाभोकांचा दगड आहे, पाणी पितो. गोव्यात शंभर इंचांच्या वर पाऊस. दरवर्षी कौलं चाळायची, फुटकी बदलायची, गिलाव्याला गेलेल्या भेगा भरायच्या, वरून चुन्याचा हात द्यायचा, हे होत राहिलं तर जांभ्याची भिंत पिढ्यान् पिढ्या उभी राहते. एक वर्ष चुकलं तर भिंतीवर पिंपळ उगवतो, दोन वर्षं चुकलं तर त्याचं मूळ सांध्यात उतरतं. पुढचं पाणी करतं.

बॉम जेझूला आम्ही अर्धा तास होतो. तिथलं मुख्य म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव, चांदीच्या पेटीत, आणि तिच्याखाली इटलीतल्या टस्कनीच्या राजानं पाठवलेला संगमरवरी चौथरा. त्यावर बरंच लिहिलेलं सगळीकडं सापडेल. मी बाहेरच जास्त वेळ थांबलो. हे चर्च १६०५ मध्ये पुरं झालं आणि साडेतीनशे वर्षं त्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या सांगण्यावरून तो काढून टाकला, आतला लाल दगड उघडा दिसावा म्हणून. तेव्हापासून लोक हे चर्च लालच ओळखतात आणि फोटोतही ते फार देखणं येतं. पण माझ्या जिवाला ते बघवलं नाही. जांभ्याच्या भिंतीचा गिलावा काढणं म्हणजे पावसात उभ्या माणसाच्या अंगावरची घोंगडी ओढून घेणं. चिऱ्यांच्या कडा गोलावल्यात. खिडक्या-दारांच्या चौकटी काळ्या दगडाच्या आहेत, त्या अजून धारदार आहेत, त्यामुळं शेजारच्या जांभ्याची झीज आणखी उठून दिसते. गिलावा परत करावा असं म्हणणारे गोव्यातच खूप आहेत, असं गाइड म्हणाला. मी त्यांच्या बाजूचा.

इथं थोडं माझं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी आमच्या गावच्या देवळाची भिंत दुरुस्त करायचं काम माझ्याकडं आलं. वडील नुकतेच गेले होते. जुना चुन्याचा गिलावा ठिकठिकाणी सुटला होता. चुना विरवायचा, महिनाभर भिजत ठेवायचा, घाणीवर मळायचा, गूळपाणी घालायचं, एवढा वेळ गावाला नव्हता आणि मलाही नव्हता. मी सगळं खरवडून सिमेंटचा गिलावा मारला. आठ दिवसांत काम पुरं, लोक खूश. सहाव्या पावसाळ्यानंतर भिंत फुगायला लागली. टिचकी मारली की पोकळ आवाज. चुना श्वास घेतो, भिंतीत शिरलेलं पाणी उन्हाळ्यात बाहेर सोडतो. सिमेंट तोंड बंद करतं, मग पाणी आतच कुजतं आणि दगडाचा भुगा करतं. मी खरवडलेला तो गिलावा वडिलांच्या वडिलांनी केलेला होता. ते माझ्या मनातून गेलेलं नाही.

तर गाइडला मी हे बॉम जेझूच्या सावलीत सांगितलं. त्यानं मध्ये बोलून तोडलं नाही. उलट म्हणाला, "पणजीला गेल्यावर तुमी सांगात, हांव ऐकतां." आणि खरंच पुढं निम्मं मी बोललो, निम्मं तो. पैसे घेऊन माहिती सांगणारे खूप भेटतात, ऐकून घेणारा हा पहिला.

जुन्या गोव्यातली शेवटची जागा मांडवीचा धक्का. बहुतेक लोक इथं येतच नाहीत, कारण बघायला फक्त एक कमान आणि दिवाडी बेटाला जाणारी फेरीबोट आहे. कमानीला व्हाइसरॉयची कमान म्हणतात. वास्को द गामाचा पणतू इथं व्हाइसरॉय असताना त्यानं १५९९ मध्ये पणजोबाच्या नावानं ती उभारली, १९५४ मध्ये ती नव्यानं बांधली. नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरला की याच कमानीखालून शहरात शिरायचा. धक्क्यावर उभं राहून गाइडनं बंदराचं गणित समजावलं. लिस्बनहून जहाजं मार्च-एप्रिलच्या सुमारास निघायची, आफ्रिकेला वळसा घालून सहा महिन्यांनी, आपला पावसाळा संपता-संपता मांडवीच्या तोंडाशी यायची. वाटेत माणसं मरायची, ताप, हिरड्या कुजण्याचा रोग, वादळं. जे वाचायचे ते आधी पणजीला उतरायचे. तेव्हा पणजी म्हणजे कोळ्यांची वस्ती आणि आदिलशहाचा एक वाडा, बाकी काही नाही. टेकडीवर १५४१ पासून एक छोटं प्रार्थनामंदिर होतं. खलाशी तिथं जाऊन जिवंत पोचल्याबद्दल मातेचे आभार मानायचे आणि मग नदीनं वर, या धक्क्यावर यायचे.

ते छोटं मंदिर म्हणजेच आजचं पणजीचं चर्च. १६०० मध्ये ते त्या भागाचं मुख्य चर्च झालं आणि १६१९ मध्ये आजच्या आकाराचं नव्यानं बांधलं.

जुन्या गोव्याहून पणजीला जाताना रायबंदरचा रस्ता लागतो. गाडी थांबवायला जागा नाही, पण हळू चालवायला सांगा. सुमारे तीन किलोमीटरचा हा बांध १६३० च्या दशकात जांभ्या दगडानं बांधला, दलदलीत आणि खारट पाण्यात, खाली कमानी ठेवून. भरती-ओहोटीचं पाणी त्या कमानींतून जातं-येतं, म्हणून बांधावर त्याचा दाब साठत नाही. आजही त्याच्यावरून रोजची वाहतूक चालू आहे. मांडवीवरचा १९७० चा पूल १९८६ च्या जुलैत कोसळला, आणि हा मात्र उभा. १९९१ ला मी पणजीत गेलो तेव्हा मुकादम त्या पडलेल्या पुलाची गोष्ट आम्हाला रोज सांगायचा, काम नीट करा म्हणून. बांधाबद्दल कुणीच कधी बोललं नाही.

मग पणजी, चौक, आणि त्या पायऱ्या.

या वेळी मी खाली उभा राहून आधी पाच मिनिटं नुसता बघत होतो. नात हात ओढत होती. पायऱ्या दोन्ही अंगांनी चढतात, मध्ये एका चौथऱ्यावर भेटतात, पुन्हा फुटतात, पुन्हा भेटतात. सगळ्याला पांढरा कठडा. लोकांना त्या दागिन्यासारख्या वाटतात, सिनेमावाले आणि लग्नाआधीचे फोटो काढणारे म्हणूनच तिथं गर्दी करतात. मला त्यात दुसरं दिसलं. आल्तिनोची टेकडी इथं तीव्र उताराची आहे आणि चर्च उताराच्या कडेवर बसलंय. पावसाळ्यात माती सुटते, खाली सरकते. या पायऱ्यांच्या नागमोडी भिंती एकावर एक अशा उभ्या आहेत की वरच्या मातीला त्यांनी टप्प्याटप्प्यानं धरून ठेवलंय. सरळ एकच जिना काढला असता तर स्वस्तात झाला असता आणि चढणाऱ्याची दमछाकही झाली असती. इथं प्रत्येक टप्प्यावर थांबायला जागा आहे. आमची मंडळी दर चौथऱ्यावर कठड्याला टेकून बसल्या, पाणी प्याल्या आणि गुडघे धरत का होईना वर पोचल्या. ज्यानं हे आखलं त्याला म्हाताऱ्या माणसांची जाण होती.

कठड्याचे छोटे खांब बघा, वर जाता-जाता हात लावून बघा. एकसारखे दिसतात, पण हातानं घडवलेल्या गोष्टीत असतो तसा किंचित फरक सापडतो. नातीनं मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्या टप्प्यावर विसरली.

वर पोचलो की दर्शनी भिंत समोर येते. दोन बाजूंना दोन ठेंगणे मनोरे आणि मध्ये त्यांच्याही वर गेलेला, शिखरासारखा निमुळता भाग. त्या मधल्या भागात कमान, आणि कमानीत ती घंटा. पोर्तुगीज चर्चमध्ये घंटा सहसा बाजूच्या मनोऱ्यात असते. इथं ती मध्ये का, हा प्रश्न मला खालूनच पडला होता.

गाइडनं ते शेवटासाठी राखून ठेवलं होतं. ऑगस्टीनचं चर्च ओस पडल्यावर तिथली घंटा आधी आग्वादच्या किल्ल्यावर नेली, बंदराच्या तोंडाशी, दीपगृहात. १८७१ मध्ये ती पणजीला आली. वजन २,२५० किलो. गोव्यात हिच्याहून मोठी एकच, जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलची सोन्याची घंटा. एवढं वजन बाजूच्या मनोऱ्यांना पेलवणारं नव्हतं, म्हणून मधली भिंत वर चढवून तिच्यासाठी ही जागा केली.

इथं मी तोंड उघडलं. सव्वादोन टन वजन नुसतं ठेवायचं असतं तर गोष्ट सोपी. पण घंटा वाजते. वाजताना वजन नुसतं खाली बसत नाही, भिंतीला पुढं-मागं धक्का देतं. उंच, पातळ भिंतीच्या टोकावर असा धक्का दिवसातून कितीदा तरी, दीडशे वर्षं. आणि ही भिंत मुळात घंटेसाठी बांधलेलीच नव्हती, तेव्हाच अडीचशे वर्षं जुन्या झालेल्या भिंतीवर नवं बांधकाम चढवलंय. जुन्यावर नवं चढवणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. जुनी भिंत बसून गेलेली असते, नवी अजून बसायची असते, दोघांच्या मध्ये भेग पडते. मी खिशातून ओळंबा काढला, भिंत सरळ आहे का बघायची वजन बांधलेली दोरी. हो, मी सोबत नेला होता. नात वरच्या पायरीवर दोरी धरून उभी राहिली आणि मी खालून डोळा लावला. दोरीला डोळ्यानं जुळवून मधल्या भागाची कड बघितली. मला तरी ती सरळ दिसली. गाइड म्हणाला, "इतकी वर्सां लोकांक हाडतां, अशें कोणेंच पळोवंक ना." म्हणजे इतकी वर्षं लोकांना आणतो, असं कुणीच बघितलं नाही. आणि त्यानंही दोरीला डोळा लावला.

जुनं गोवं का मेलं, पणजी का जगली, हे त्यानं तिथंच उभं राहून दोन वाक्यांत सांगितलं. जुन्या गोव्यात तापाच्या साथी यायच्या, नदी गाळानं भरली, माणसं हळूहळू खाली पणजीकडं सरकली. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहायला आला आणि १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. माणसं खाली आली, त्यांच्या मागोमाग घंटाही आली. तिच्या माहेरचं छत पडलं ते याच काळात, राजधानी बदलण्याच्या एक वर्ष आधी. आदिलशहाचं नाव ऐकून आमच्या मंडळींनी बेळगावच्या किल्ल्याचं विचारलं. त्यावर गाइडकडं उत्तर नव्हतं आणि ते त्यानं सरळ कबूल केलं, थाप मारली नाही.

आत गेलो तेव्हा कोकणीत प्रार्थना संपत आली होती. आम्ही मागच्या बाकावर बसलो. बाहेर सगळं पांढरं आणि आत पुढं सोनं. मुख्य वेदी मातेची, एका बाजूला क्रुसावरचा येशू, दुसऱ्या बाजूला रोजरीची माता. लाकडावरचं कोरीव काम इतकं दाट की डोळा एका जागी ठरत नाही. बाकी भिंती मात्र साध्या. सगळी कोरीवता पुढं गोळा करून बाजूच्या भिंती मोकळ्या ठेवल्या की बसलेल्या माणसाचं लक्ष आपोआप पुढं जातं. आपल्या हेमाडपंती देवळात खांबांवर, छतावर, सगळीकडं कोरीव काम असतं आणि गाभारा अंधारा, साधा. इथं नेमकं उलट. दोन्हीकडं मनुष्य आत जाऊन गप्पच बसतो. एक म्हातारी बाई पुढच्या बाकावरून उठली, जाताना आमच्या मंडळींकडं बघून हसली आणि हात जोडले. यांनीही जोडले.

इथंच गाइडचा अर्धा गुण गेला. आत त्यानं पाचच मिनिटं दिली आणि बाहेर जाऊन उभा राहिला, घड्याळ बघत. पुढचं गिऱ्हाईक होतं म्हणे. ज्याच्यासाठी सकाळपासून एवढं बांधत आणलं तिथंच घाई. लेकीनं त्याला तसं सांगितलं, तेव्हा त्यानं माफी मागून आणखी वीस मिनिटं दिली, वरचे पैसे न घेता. शिवाय म्हाताऱ्या माणसांसाठी मध्ये कुठं बाथरूम, कुठं सावली, हे आधीच सांगायला पाहिजे होतं. हे त्यानं सुधारावं.

बाहेर आल्यावर मी रंगाचं विचारलं. पोर्तुगीजांच्या काळात पणजीतल्या घरमालकांना पावसाळा संपला की घर रंगवावंच लागायचं, आणि पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असायचा, म्हणून फोंताइन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत घरं पिवळी, निळी, तांबडी दिसतात आणि चर्च पांढरी, असं तो म्हणाला. मला ते ऐकून फार बरं वाटलं. बाकीच्यांना तो रंग शोभेचा वाटत असेल. दर पावसाळ्यानंतर शहरातल्या प्रत्येक भिंतीवर एकदा हात फिरायचा, म्हणजे प्रत्येक भेग दरवर्षी कुणाच्या तरी नजरेस पडायची. किनाऱ्याकडं शिंपले भाजून चुना करायचे. समुद्रानं दिलेला चुना समुद्राच्या पावसापासून भिंत राखायचा. मी गाइडला चुना विरवण्याची, मळण्याची रीत सगळी सांगितली. त्यानं मोबाइलवर माझं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं, फोंताइन्हासमधल्या त्याच्या आजोबांच्या घराची भिंत फुगली आहे म्हणून. सिमेंट मारू नकोस, असं त्याला तीनदा सांगितलं.

तेवढ्यात घंटा वाजली, दुपारची. इतक्या जवळून ती मी कधी ऐकली नव्हती. खालून ऐकताना एक टोल वाटतो. वर, दाराशी उभं राहिलं की टोलानंतर खोल, लांबलेला गुंजार राहतो, तो कानापेक्षा तळपायाला आधी कळतो. मी भिंतीला तळहात लावून उभा होतो. भिंत थरथरली, अगदी बारीक, आणि थांबली. आमच्या मंडळींनी या वेळी काही म्हटलं नाही.

नंतर आम्ही खालच्या बागेत बसून घरून आणलेल्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही खाल्लं. गाइडलाही बसवलं. बेळगावचा कुंदा दिला, त्यानं अर्धा बांधून घेतला आईसाठी.

जाणाऱ्यांना काही गोष्टी सांगतो. सकाळी लवकर निघा, घाटात धुकं असतं. जुन्या गोव्यात बुरूज चुकवू नका, आणि तो आधी बघा, पणजी नंतर. पायऱ्या चढताना टप्प्यावर थांबा, घाई करू नका. आत प्रार्थना चालू असेल तर मागं बसा, मोबाइल खिशात ठेवा. आणि शक्य झालं तर दुपारच्या घंटेला वरच थांबा.

८ डिसेंबरला तिथं मातेचं फेस्त, म्हणजे चर्चचा सण असतो, चौकात दुकानं लागतात, चर्चवर दिव्यांची रोषणाई होते. आम्ही पुढच्या वर्षी त्यालाच जायचं ठरवलंय, तेव्हा मुक्कामी. गाइडला फोन करून तारीख आत्ताच सांगून ठेवली. तो म्हणाला, आजोबांच्या भिंतीचं सिमेंट खरवडायला सुरुवात झाली आहे, चुना भिजत घातलाय. आधी किती दिवस भिजवायचा ते परत एकदा विचारून घेतलं त्यानं. महिनाभर, मी सांगितलं, आणि वरचं पाणी आटू द्यायचं नाही.